साडेपाचची शिट्टी

मी शिट्टी बोलतेय. घाबरू नका, कानांवरचे हात काढा. हळू बोलणं माझ्या रक्तातच नाही, तेव्हा ही गोष्टही मी थोडी मोठ्यानंच सांगणार. त्यातून गोष्ट अशी आहे की आठवली तरी पोटातला मणी उड्या मारायला लागतो!

माझा जन्म पितळेच्या पत्र्यातून झाला. एका यंत्रानं पत्रा दाबला, दुसऱ्यानं कापला, एका कारागिराने दोन तुकडे जोडून झाळले आणि वरून चकचकीत मुलामा दिला. शेवटी पोटात बुचाचा एक मणी सोडला. तपासणीच्या टेबलावर एक बाई बसायच्या. एकेकीला फुंकर मारायच्या आणि नाक मुरडून डाव्या टोपलीत टाकायच्या. माझी पाळी आली, त्यांनी फुंकर मारली आणि पलीकडच्या टेबलावरच्या माणसाच्या हातातला कप कलंडला. बाई म्हणाल्या, "ही उजवीकडे."

खेळाच्या सामानाच्या दुकानात मी महिनाभर काचेखाली पडून होते. एका सकाळी एक उंच, किडकिडीत तरुण आला. शाळेत व्यायामशिक्षकाची नोकरी लागली होती, त्याच दिवशी रुजू व्हायचं होतं.

"वाजवून बघू?" त्याने विचारलं.

"तोंडाला लावली की विकली," दुकानदार म्हणाला.

मग त्याने मला कानाशी धरून हलवलं, मण्याची खुळखुळ ऐकली आणि म्हणाला, "हीच." तेव्हापासून नोकरीची चौतीसच्या चौतीस वर्षं मी त्या एकाच माणसाच्या गळ्यात होते. मुलं त्यांना शिट्टीसर म्हणायची. तोंडावर नुसतं सर, पाठीमागे शिट्टीसर. सरांना दोन्ही माहीत होतं आणि दुसरं जास्त आवडायचं.

आमची एक भाषाच होती. एक लांब म्हणजे आहात तिथे थांबा. तीन छोट्या म्हणजे रांगेत या, उंचीप्रमाणे. एक लांब आणि मागून एकेक सुटी म्हणजे कवायत: हात वर, बाजूला, खाली. हजार मुलांचं मैदान मी एका फुंकरीत गप्प केलंय. मुख्याध्यापकांना हे कधी जमलं नाही.

पण दोन छोट्या? त्या शाळेत कुणासाठीच नव्हत्या. त्या घरासाठी राखीव होत्या.

त्याचं असं झालं. सरांचं नवीन लग्न झालेलं, घर दुसऱ्या मजल्यावर, रस्त्याच्या कोपऱ्यापासून सातवं. सर मैदानावरून दमून यायचे आणि चहा व्हायला वेळ लागायचा. एकदा सरांच्या पत्नी म्हणाल्या, "तुम्ही कोपऱ्यावर आलात हे कळलं ना, तर मी लगेच पाणी ठेवीन." त्यांना सगळी गल्ली काकू म्हणते, मीही काकूच म्हणते. दुसऱ्या दिवशी साडेपाचला सरांनी कोपऱ्यावर माझ्यातून दोन छोट्या फुंकल्या. जिने चढून दारात पोचेपर्यंत दार उघडलेलं आणि कपातून वाफ येत होती. बस्स, तेव्हापासून हा नेम. गल्लीतली माणसं माझ्यावर घड्याळं लावायची, खोटं नाही सांगत.

पुढे सर निवृत्त झाले. शाळेनं हार घातला, भाषणं केली आणि भिंतीवरचं एक मोठं घड्याळ दिलं. ज्याच्याकडे आता वेळच वेळ त्याला घड्याळ देण्याची ही रीत कोणी काढली कोण जाणे.

घरी बसलेल्या शिक्षकाइतका त्रास घराला दुसरा कुणी देत नसेल. सरांनी चपला उंचीप्रमाणे लावल्या. कपाटातले डबे उंचीप्रमाणे लावले. काकू साखर शोधायच्या आणि हाती रवा यायचा. "अहो, हे स्वयंपाकघर आहे, संचलन नाही," असं त्या दिवसातून तीनदा म्हणायच्या. मी मात्र दिवसभर खिळ्यावर. दुपारी साडेचारला सर मला गळ्यात घालून फिरायला निघायचे, शाळेच्या मैदानाला बाहेरून एक फेरी मारायचे, आत बघायचे, आत नवीन सर नवीन शिट्टी वाजवत असायचे. प्लास्टिकची! मग साडेपाचला कोपऱ्यावर दोन छोट्या, आणि पुन्हा खिळा.

एकदा मुलीशी फोनवर बोलताना सर म्हणाले, "अगं, एके काळी माझ्या शिट्टीवर हजार पोरं हलायची. आता एकच माणूस उरलंय, तुझी आई. तीही हलायची थांबली ना, की मी भंगारात निघालो समज." हसत म्हणाले, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ तिथेच उभे राहिले. काकू समोरच विणत बसल्या होत्या. सर बोलत होते तोवर त्यांनी त्यांच्या तोंडाकडे एकटक पाहिलं आणि मग सुया पुन्हा चालू केल्या.

आणि एक सांगू का? या बाबतीत काकूंना तोड नव्हती. सरांच्या निवृत्तीनंतर काही वर्षांनी तर त्या आणखी चपळ झाल्या. पूर्वी दुसरी छोटी संपल्यावर वर भांड्याचा आवाज यायचा. आता माझी पहिली छोटी हवेत असतानाच वरची खिडकी हलायची! मला केवढा अभिमान वाटायचा. बाकी त्यांचं थोडं अडखळत होतं. दोनदा कुकर करपला. कुकरची शिट्टी ही माझी लांबची बहीण, वाफेवर जगणारी, तिचं कोण ऐकणार म्हणा. मुलीचा फोन आला की काकू "तुम्हीच बोला" म्हणून सरांच्या हातात द्यायच्या. पण माझ्या हाकेला चूक नाही. माझ्यापुढे बाकीच्यांची काय पत्रास, असं मी खिळ्यावर लटकून स्वतःलाच सांगत असे.

मग मुलीनं आणि जावयानं दोघांचं बोटीचं तिकीट काढलं. बारा दिवसांची सफर, सगळी समुद्रातून, मध्ये चार बंदरं!

काकूंनी एकच अट घातली. "ती शिट्टी घरी राहील."

"बरं," सर म्हणाले, इतक्या पटकन की मला वाईटच वाटलं. रात्री त्यांनी मला मोज्यात गुंडाळून बुटाच्या टोकात कोंबलं तेव्हा कुठे जिवात जीव आला. सकाळी काकूंनी बॅग पुन्हा नीट लावायला घेतली. बूट उचलला. खुळखुळ झाली असणार, पण त्यांनी काही ऐकल्यासारखं केलं नाही. हात आत घातल्यावर मात्र मी सापडले. आता संपलं, असं मला वाटलं. काकूंनी मला तळहातावर घेऊन पाहिलं, अंगठ्यानं पुसलं आणि पुन्हा मोज्यात गुंडाळून होतं तिथे ठेवून दिलं. वर एक जादा मोजा कोंबला, खुळखुळू नये म्हणून. सरांना याचा पत्ता नाही.

काय ती बोट! अकरा मजले, आणि सगळे पाण्यावर! आत रस्ते, दुकानं, नाटकघर, पोहायचा तलाव. समुद्राच्या मधोमध तलाव कशाला, असं काकूंनी विचारलं, आणि त्याचं उत्तर शेवटपर्यंत कुणी दिलं नाही. आमची खोली पेटीएवढी, पण गोल खिडकीतून नुसतं पाणी. खोलीची देखभाल करणारी बाई रोज टॉवेलचा एक प्राणी करून पलंगावर ठेवायची. पहिल्या दिवशी हत्ती. काकूंना तो मोडवेना, म्हणून सरांनी दोन दिवस अंग शर्टानं पुसलं.

पहिल्याच दुपारी सगळ्या प्रवाशांना केशरी जाकिटं देऊन एका मजल्यावर गोळा केलं. बोटीवर संकट आलं तर काय करायचं याची तालीम होती. आणि काय सांगू, प्रत्येक जाकिटाला एकेक शिट्टी! माझ्या तीन हजार बहिणी एका छताखाली! मी सरांच्या खिशात नुसती थरथरत होते.

माणसं मात्र कशी उभी होती? कुणी पाठ करून, कुणी फोटो काढत, कुणी जाकीट उलटं घालून. सुरक्षा अधिकारी घसा कोरडा करून सांगतोय, ऐकतंय कोण. सरांची मान आखडायला लागली. मी ही मान मैदानापासून ओळखते. हात खिशाकडे आला आणि तीन छोट्या सुटल्या! रांगेत या, उंचीप्रमाणे!

झालं उलटंच. बोटीवरच्या माणसांना आमची भाषा कुठे ठाऊक? कुणी ओरडलं, "माणूस पाण्यात पडला!" दहाबारा जण कठड्याकडे धावले, एक बाई जाकिटासकट खुर्चीखाली शिरल्या, वरून एका खलाशानं खरोखरच गोल टायर पाण्यात फेकला. सगळे कान झाकून उभे. एकट्या काकू शांतपणे समुद्राकडे बघून हसत होत्या. सर म्हणाले, "बघ, सवयीचं माणूस ते सवयीचं माणूस."

सुरक्षा अधिकारी आला. चेहरा असा, की आमचे मुख्याध्यापकही बरे. "आजोबा, बोटीवर शिट्टी म्हणजे माणूस पाण्यात. गंमत नाही ही. पुन्हा आवाज आला तर मी ही जप्त करीन."

"चुकलं," सर म्हणाले. मुलांना शिकवलेला शब्द त्यांनी पहिल्यांदाच स्वतः वापरला असेल.

खोलीत आल्यावर काकूंनी हात पुढे केला. सरांनी मला त्यांच्या हातावर ठेवलं. काकूंनी पाहिलं, आणि मला परत सरांच्याच खिशात टाकलं. "ठेवा. पण वाजवायची नाही. शब्द द्या."

सरांनी शब्द दिला.

तालमीचा एक फायदा झाला. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला एक गोल गरगरीत आजोबा टेबलाशी आले आणि म्हणाले, "काल ते तुम्हीच ना? मग आम्हाला जरा हलवा की." जन्मभर पावाची भट्टी चालवलेला माणूस, त्यांना सगळे पाववाले म्हणायचे. त्यांच्यामागून शेजारच्या खोलीतल्या पोस्टातून निवृत्त झालेल्या आजी आल्या. तिसऱ्या दिवशी फिरायच्या डेकवर सकाळी सात वाजता नऊ जण होते, पाचव्या दिवशी चाळीस! सर टाळ्या वाजवून कवायत घ्यायचे. हात वर, बाजूला, खाली. पाववाले दर वेळी सगळ्यांच्या उलट्या बाजूला वळायचे आणि शेजाऱ्याला सांगायचे, "तुम्ही चुकलात."

सर बदलले हो! सकाळी सहाला आपोआप उठायचे, दाढी करताना गुणगुणायचे. कवायत झाली की नाश्ता, मग डेकला बारा फेऱ्या, मग आरामखुर्ची. खुर्च्यांवर पहाटे रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांशी त्यांचं रोजचं भांडण. दुपारी जेवण, मग झोप, मग चहा. काकू त्यांच्या समोर बसून विणायच्या. शेजारी कधीच नाही, नेहमी समोर. पिवळ्या लोकरीची एक टोपी त्यांनी तीन दिवसांत विणली आणि स्वतःच घातली. मी खिशात बसून टाळ्या ऐकायचे आणि जळायचे. टाळी ती काय, दोन हातांचा आवाज. पण सर खूष होते, म्हणून मी गिळलं.

आठव्या दिवशी बोट एका मोठ्या बंदराला लागली. लांबलचक धक्का, एका बाजूला आमची बोट. साडेचारच्या आत सगळ्यांनी परत यायचं, पाचला बोट सुटणार. सरांनी संध्याकाळची जादा कवायत ठेवली होती, म्हणून ते थांबले. काकू पोस्टातल्या आजींबरोबर बाजार बघायला गेल्या. फोन मात्र खोलीतच राहिला, चार्जिंगला लावलेला.

तीन वाजता पोस्टातल्या आजी एकट्याच परत आल्या. "त्या लोकरीच्या दुकानात आहेत. दहा मिनिटांत येते म्हणाल्या. माझे पाय बोलायला लागले, मी आले पुढे."

लोकरीच्या दुकानातली दहा मिनिटं किती असतात हे सरांना माहीत होतं. पण साडेतीन झाले, चार झाले. दरम्यान धक्क्याच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक बोट येऊन लागली. तीही पांढरी, तीही अकरा मजली. साडेचारला कवायतीची मंडळी डेकवर जमली, पण सरांचं लक्ष नव्हतं. ते कठड्याला चिकटून, खिशात मला मुठीत धरून उभे होते.

"ती बघा, पिवळी टोपी!" पोस्टातल्या आजी ओरडल्या.

धक्क्यावरून काकू येत होत्या, दोन्ही हातांत पिशव्या, अगदी निवांत. धक्क्याच्या मध्यावर आल्या, वर पाहिलं, पांढरी बोट दिसली आणि त्या वळल्या. चुकीच्या बाजूला! समोरच्या बोटीच्या रांगेत, आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. पुढे पंचवीसतीस माणसं.

"अगं!" सर ओरडले. "अगं, इकडे!" लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण या माणसाला बायकोला नावानं हाक मारायची सवय नाही. अशा वेळी किती बायका वळतात माहितेय? सहा वळल्या. काकू नाही.

"मी खाली सांगतो," म्हणत पाववाले धावले, पण लिफ्टपुढे ही रांग आणि जिने सात मजल्यांचे. खाली खलाशी चढायच्या पुलाचे दोर सोडायला लागले होते. पाचला दहा कमी.

सरांनी मला बाहेर काढलं. दिलेला शब्द मीही ऐकला होता. सरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तोंडाला लावलं. दोन छोट्या!

आठ दिवसांचा उपास होता माझा, मी काय कमी वाजणार! अख्खा धक्का वर बघायला लागला. हमाल थांबले, गाडीवाला थांबला, समोरच्या रांगेतली माणसं माना वळवून बघायला लागली. काकू पिशवीत वाकून कार्ड शोधत होत्या. त्या वळल्या नाहीत.

पुन्हा दोन छोट्या. पुन्हा. ही तीच हाक होती, जिला त्या चाळीस वर्षं ओ देत आल्या होत्या. पिवळी टोपी हललीसुद्धा नाही.

सरांचा श्वास अडकला तो मला आतून कळला, मी त्यांच्या दातांतच होते ना. मला वाटलं, आता हे खाली बसणार. पण हा माणूस मैदानावरचा. त्यांनी छाती भरून घेतली आणि एक लांब दिली, जशी हजार मुलांना द्यायचे तशी. मागोमाग एक सुटी. कवायत!

मागे चाळीस म्हातारे उभे होते. त्यांना माझी भाषा ठाऊक नव्हती, पण सरांचा डावा हात वर गेला आणि रोजच्या सवयीनं ऐंशी हात वर गेले. सुटी! हात बाजूला. सुटी! हात खाली. कठड्याला लागून अख्खी रांग! दुसऱ्या डेकवरच्या लोकांना वाटलं हाच कार्यक्रम आहे, तेही हात वर करायला लागले. बोट नव्हे, हात असलेला डोंगर हलत होता! समोरच्या रांगेत हशा पिकला, मुलं बोटं दाखवायला लागली, कुणी फोटो काढायला लागलं. काकूंच्या पुढे उभ्या असलेल्या एका बाईनं हसत हसत त्यांच्या खांद्याला हात लावला आणि वर दाखवलं.

काकू वळल्या.

त्यांनी चाळीस जणांची रांग पाहिली. मधोमध गाल फुगवून लाल झालेला आपला नवरा पाहिला. मग बोटीचं नाव वाचलं, मग मागच्या बोटीचं वाचलं, आणि मग... मग त्या धावल्या हो! सत्तरीला टेकलेली बाई, दोन हातांत लोकरीच्या पिशव्या, डोक्यावर पिवळी टोपी! आम्ही वरून सुटी, सुटी, सुटी देत होतो आणि सगळे त्याच तालावर टाळ्या वाजवत होते. पुलाचा शेवटचा दोर खलाशानं हातात धरून ठेवला. काकू आत आल्या तेव्हा पाचला तीन मिनिटं कमी होती. खाली पुलाशी पाववाले उभे होते, तेही आत्ताच पोचलेले. ते म्हणाले, "मी सांगायलाच आलो होतो."

सुरक्षा अधिकारी डेकवर आला. सर स्वतःच पुढे झाले आणि मला त्याच्यासमोर धरलं. "पुन्हा वाजवली. घ्या."

तेवढ्यात काकू धापा टाकत वर आल्या. अधिकाऱ्यानं त्यांच्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि मला काकूंच्या गळ्यात घातलं. "जप्त केली आहे. सांभाळायचं काम तुमच्याकडे, आजी."

"हो हो," काकू म्हणाल्या.

खोलीत पलंगावर टॉवेलचा हंस होता. दोघं दोन मिनिटं नुसते हसत राहिले. मी काकूंच्या छातीवर होते आणि त्यांचं हृदय माझ्या पितळेवर ठणठण आपटत होतं. मग सरांचं हसू थांबलं.

"शिट्टी ऐकू आली ना तुला?"

"आली की," काकू म्हणाल्या. "न यायला काय झालं?"

"किती वाजवल्या?"

"दोन. नेहमीच्याच."

मी मोजल्या होत्या. दोन दोनच्या तीन जोड्या, एक लांब आणि एकवीस सुट्या. सर मटकन खाली बसले, नेमके हंसावर.

काकूंनी पिशव्या ठेवल्या आणि सरांच्या समोर खुर्ची ओढून बसल्या. "दोन वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "आधी कुकर जायला लागला. मग फोनवरचं पोरीचं बोलणं. मग एक दिवस तुम्ही दारात उभे आणि चहाचं पाणीही ठेवलेलं नाही. आठवतं? गॅस संपला म्हणून सांगितलं तुम्हाला. गॅस नव्हता संपला."

"पण त्यानंतर तर एकदाही चुकली नाहीस! मी वाजवली की खिडकी..."

"सव्वापाचला खिडकीत येऊन उभी राहते मी. तुम्ही कोपऱ्यावर वळता, हात गळ्याकडे जातो, गाल फुगतात. ते फुगायला लागले की पाणी ठेवते."

मला काय वाटलं कसं सांगू? दोन वर्षं मी खिळ्यावर लटकून मिरवत होते, की माझ्या हाकेला ही बाई धावते. आणि त्या मला ऐकतच नव्हत्या! त्या रोज पाव तास उभं राहून आमची वाट बघत होत्या. एवढी शरम मला जन्मात वाटली नव्हती, आणि एवढा आनंदही.

"मला का नाही सांगितलंस?" सर म्हणाले.

"तुम्हीच म्हणालात ना पोरीला, तुमच्या शिट्टीवर हलणारं एकच माणूस उरलंय म्हणून. तुमच्या ओठांवर वाचलं मी ते. आता तेवढं एक माणूस, तेही बहिरं निघालं, हे कुठल्या तोंडानं सांगू?"

सरांनी काकूंचा हात धरला आणि रडले, अगदी मोकळेपणानं. मग नाक पुसायला हातात आला तो हंस. काकू म्हणाल्या, "अहो, त्याची मान!" आणि दोघं पुन्हा हसायला लागले.

घरी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी दोघं कानाच्या डॉक्टरांकडे गेले. कानामागे बसणारं छोटंसं यंत्र मिळालं. ते लावून काकूंनी आधी कुकर ऐकला, मग मुलीशी फोनवर तासभर बोलल्या, इतकं की शेवटी मुलगीच म्हणाली, "आता बाबांना दे." मग सरांना म्हणाल्या, "वाजवा." सरांनी दोन छोट्या दिल्या. काकूंनी दोन्ही कान दाबून धरले. "अगं बाई गं! एवढी कर्कश होती ही? बिचारी गल्ली!"

मी रागावले नाही. कौतुकच समजले.

सर आता घरात डबे लावत नाहीत, वेळच नाही. गल्लीपलीकडच्या मोकळ्या जागेत रोज साडेचारला ते आसपासच्या म्हाताऱ्यांची कवायत घेतात, टाळ्यांवर. बावीस जण येतात. त्यातही एक जण उलटा वळतोच, प्रत्येक रांगेत एक पाववाले असतातच असं दिसतं. आणि मी? मी खिळ्यावरून कायमची उतरले. अधिकाऱ्याचा हुकूम काकूंनी मोडलेला नाही, मी अजून त्यांच्याच गळ्यात आहे. साडेपाचला चहा उकळला की काकू खिडकीत येतात आणि त्याच दोन छोट्या देतात. यंत्र काढून ठेवलेलं असलं तरी चालतं. मी दातांत गुदगुल्या करते, त्यांना तेवढ्यावर कळतं. खाली सर कवायत अर्ध्यात टाकून निघतात, बावीस जणांचे हात वरच राहतात.

माझा मुलामा आता उडालाय, मणी झिजलाय, आवाजात घरघर आलीय. कुणी सांगावं, आणखी किती साडेपाच माझ्या वाट्याला आहेत. तेव्हा जाता जाता एवढंच मागते. तुमच्या घरात कुणी तुमच्या हाकेला चटकन ओ देत असेल, तर फुशारकी मारू नका, माझ्यासारखी फजिती होईल. एकदा वर खिडकीकडे बघा.

काल काकूंच्या गळ्यातून मला एक गंमत दिसली. सरांचे कान अजून ठणठणीत आहेत, तीन गल्ल्या पलीकडून मी त्यांना ऐकू येते. तरी सव्वापाच झाले आणि सर कवायत घेता घेता सगळ्यांकडे पाठ करून उभे राहिले, आमच्या खिडकीकडे तोंड करून. टाळ्या वाजवत होते, पण नजर हलवत नव्हते. काकूंनी पाहिलं आणि माझ्यावर हात ठेवला.

"आलेच हं," त्या आधणाला म्हणाल्या. साडेपाचला अजून चौदा मिनिटं होती. दोघंही आपापल्या जागेवर उभे राहिले, आणि मी त्या दोघांच्या मधे, वाजायच्या तयारीत.